खुल्या वेळेचं तिकीट

ओजसचा निरोप आला तेव्हा बाबा बाल्कनीत ऊन घेत बसले होते. नाकात प्राणवायूची नळी, मांडीवर संत्र्याची सालं. सानिकानं निरोप मोठ्यानं वाचून दाखवला. आज दुपारी कॅल्गरीहून निघतोय, झोपेच्या विमानानं. मिळालं ते तिकीट घेतलं. तीन दिवसांत नागपूर.

"किती किलोमीटर पडते?" बाबांनी विचारलं.

"बारा हजाराला थोडं कमी."

बाबांनी, म्हणजे प्रशांत उमाळे यांनी, तीस वर्षं नागपूर-पुणे रात्रीची स्लीपर बस चालवली होती. कुठलंही अंतर ते मनात तासांमध्ये बदलून घेत. त्यांनी डोळे मिटून हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे निवांत येऊन राहिला." त्यावर ते हसले, हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

त्यांची फुप्फुसं आतून टणक होत चालली होती. दोन आठवडे, फार तर तीन, असं डॉक्टरांनी सानिकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिनं त्याच दिवशी धाकट्या भावाला फोन केला होता. ओजस "येतो" एवढंच म्हणाला होता.

झोपेची विमानं सुरू होऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. इंधनावर जगभर कर बसला आणि जेट विमानं मंत्र्यांपुरती, उद्योगपतींपुरती आणि फार निकड असलेल्या आजाऱ्यांपुरती उरली. बाकीच्यांसाठी सूर्यप्रकाशावर चालणारी विमानं आली. त्यांचे पंख लांब, पातळ आणि हलके, वेग एखाद्या जलद रेल्वेइतका. त्यांना वजन मात्र पेलत नसे. जागा असलेला माणूस विमानात बसला की त्याच्यासोबत खुर्ची येते, जेवण येतं, पाणी येतं, संडास येतो, उबदार हवा येते. हे सगळं वजा करायचं तर माणसाला झोपवायला हवं होतं, आणि तेही साध्या झोपेनं भागणार नव्हतं.

मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो. शरीराचं तापमान, भूक आणि तहान तिथून राखली जाते. तिथल्या काही थोड्या पेशींना कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी चेतवलं, की उंदरासारखा एरवी शीतनिद्रा न घेणारा प्राणीही थंड पडतो आणि हिवाळाभर निजणाऱ्या अस्वलासारखा निपचित होतो, हे संशोधकांनी आधी दाखवलं होतं. पुढे माकडांवर जमलं, मग माणसांवर. डोक्यावर टोप चढवला की शरीर अठ्ठावीस अंशांपर्यंत उतरायचं, हृदय मिनिटाला आठ-दहा ठोके टाकायचं, श्वास मोजके व्हायचे. अशा माणसाला अन्न लागत नाही आणि हवाही जेमतेम लागते. कपाटाच्या खणांसारख्या फळ्यांवर तीनशे माणसं एका विमानात मावू लागली. प्रवाशाच्या लेखी तर प्रवास असा काही उरलाच नाही. कॅल्गरीला टोप चढायचा आणि नागपूरला कुणी तरी गालावर हलकेच थापट्या मारायचं. मध्ये स्वप्नसुद्धा नाही.

यातून काय होणार हे आधी कुणी ओळखलं नव्हतं. विमानतळावर आठ तास अडकलेली माणसं काउंटरच्या काचा फोडतात, पण झोपलेली माणसं आठ आठवडे अडकली तरी कूस बदलत नाहीत. सुरुवातीला कंपन्या वाऱ्यासाठी एखादा दिवस थांबत. पुढे आठवडा थांबू लागल्या, कारण खराब हवेत विमान दामटण्यापेक्षा निजलेली माणसं शेडमध्ये ठेवणं सोपं होतं. प्रवाशाला सुखरूप पोहोचवलं पाहिजे असं कायदा सांगत होता. कधी, याबद्दल तो गप्प होता. मग तिकिटं दोन प्रकारची झाली, निश्चित वेळेची आणि खुल्या वेळेची. विमानतळांवरच्या फलकांवर शहरापुढे अंतर लिहिलेलं असायचं, वेळेचा रकाना मात्र काढून टाकला होता.

तिसऱ्या दिवशी, सानिका शाळेत सातवीचा गणिताचा तास घेत असताना, कंपनीचा फोन आला. बारलिंगे नावाचा अधिकारी होता, आवाज मऊ. विमान ध्रुवावरून नीट उतरून आलं होतं, पण पामीरच्या डोंगरांवर फार उंचावरच्या वाऱ्यांचा पट्टा सरकून बसला होता. त्या वाऱ्यात असले पंख मोडतात. म्हणून विमान कझाकस्तानच्या गवताळ पठारावरच्या एका जुन्या धावपट्टीवर उतरवलं होतं. निश्चित वेळेच्या प्रवाशांना दुसऱ्या लहान विमानानं, डोंगरांना लांबचा वळसा घालून, आणलं होतं. बाकीचे वारा पडेपर्यंत तिथेच राहतील. वारा कधी पडेल ते सांगता येत नव्हतं.

तिनं वडिलांच्या प्रकृतीबद्दल सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचं म्हणाला आणि पुढे म्हणाला, "ओजससाहेब अगदी छान आहेत, मॅडम. त्यांना काही कळत नाहीये."

घाईत मिळालं ते तिकीट घेतलं, त्याचा हा परिणाम, असं तिनं स्वतःला समजावलं. तिथून नागपूर फक्त तीन हजार किलोमीटर होतं. जेटनं चार तास.

घरी बाबांनी विचारलं, "कुठवर आला?"

खरं सांगावं असं तिच्या मनात होतं. पण ते उशीला टेकून बसले होते, केस विंचरलेले, दाढी केलेली. शेजारच्या नंदाकाकूंकडून करवून घेतली होती. ती म्हणाली, रशिया ओलांडला, वारा समोरून आहे, म्हणून हळू चालू आहे.

त्या दिवसापासून ती रोज विमानाला थोडं थोडं पुढे आणू लागली. शाळेतून येताना नकाशा बघून ठेवायची आणि बाबांनी विचारलं की गाव सांगायची. आज ताश्कंद दिसलं असेल. आज डोंगर लागले. बाबा लक्ष देऊन ऐकायचे आणि प्रश्न विचारायचे. उतार आहे का? ड्रायव्हर बदलतात का मध्ये? एकदा म्हणाले, "एवढ्या वेळात मी पुण्याच्या दहा फेऱ्या मारल्या असत्या." तिला वाटलं, त्यांना कळलं. पण ते पुन्हा रस्त्याबद्दलच विचारू लागले.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टर घरी येऊन गेले. आता दिवसांचाच प्रश्न आहे, म्हणाले. सानिका उठली आणि तडक कंपनीच्या कार्यालयात गेली. बारलिंगेनं तिला कंपनीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर इरावती मोघे पन्नाशीच्या होत्या, थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी काही लपवलं नाही.

प्रवाशाला मध्येच जागं करता येतं, त्या म्हणाल्या. पण शरीर सावकाश तापवावं लागतं, दीड दिवस लागतो, आणि त्यासाठी नागपूरला आहे तशी यंत्रणा लागते. त्या धावपट्टीवर फक्त आणीबाणीची सोय होती. अठ्ठावीस ते बत्तीस अंशांच्या मधल्या पायरीवर हृदयाची लय बिघडते. अशा शंभरांतले दोन-तीन उठत नाहीत. आणखी काही उठतात, पण पूर्वीसारखे राहत नाहीत. नावं विसरतात, हात कापत राहतात. निजलेल्या प्रवाशाला जेट घेत नाहीत, पण ओजस नीट उठला, तर आजारी प्रवासी म्हणून त्याला जेटनं आणता येईल.

"सही तुमची लागेल," डॉक्टर मोघे म्हणाल्या. "जबाबदार नातेवाईक म्हणून त्यांनी तुमचंच नाव दिलंय."

सानिकानं विचारलं, तुमचा भाऊ असता तर? डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. आपल्याला ठरवता आलं नसतं, असं त्यांनी सरळ सांगितलं.

सानिकानं उद्यापर्यंतची मुदत मागून घेतली. घरी आल्यावर बाबांना भाताची पेज भरवताना तिनं आडून विचारलं, ओजसला फारच उशीर झाला तर? बाबांनी घास गिळला. मग दम घेत घेत म्हणाले, "ड्रायव्हरच्या मागे घाई लावू नये कधी. माझ्या ओळखीचे जेवढे गेले, ते सगळे घाईतच गेले."

हे उत्तर तिनं मनाशी धरून ठेवलं, कारण तिला असं काही तरी हवंच होतं. दुसऱ्या दिवशी कार्यालयाबाहेर गाडीत बसून तिनं स्वतःला पुन्हा विचारलं. शंभरांतले दोन-तीन म्हणजे फार नव्हेत. सातवीच्या मुलांनाही तिनं ते समजावलं असतं. पण त्या दोन-तिघांत ओजस असला तर बाबा एका खोलीत आणि तो परक्या मुलखात, असे दोघंही एकाच आठवड्यात जाणार होते. हे कारण खरं होतं. त्याच्या खाली आणखी एक होतं, आणि तेही तिला दिसलं. पुण्याची नोकरी सोडून ती आठ वर्षांपूर्वी परत आली होती. बाबांच्या रात्री, त्यांचा खोकला, त्यांची चिडचिड, बेडपॅन, सगळं तिनं एकटीनं केलं होतं. आता ओजस शेवटच्या दिवशी, गाढ झोपून ताजातवाना होऊन येणार, हात धरणार, आणि बाबा त्याच्याकडेच बघत जाणार.

ती आत गेली आणि नको म्हणून सांगितलं. बारलिंगेनं कारण विचारलं नाही.

त्यानंतर बाबांचं बोलणं कमी झालं. डोळे बहुतेक मिटलेले असायचे. एका संध्याकाळी त्यांनी हातानं खूण करून तिला जवळ बोलावलं. ओठ हलले. तिला ऐकू आलं नाही, पण प्रश्न माहीत होता.

"उतरलं विमान," ती म्हणाली.

त्यांनी डोळे उघडले. "गाडीत बसला?"

"बसला."

"वर्धा रोडला गर्दी असंल या वेळी," बाबा म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर वाट बघणाऱ्या माणसाचा ताण नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा श्वास थांबला.

अग्नी सानिकानंच दिला. नातेवाईक आले, दहावा झाला, तेरावा झाला, सगळे आपापल्या गावी गेले. मुलाच्या हातून विसर्जन व्हावं म्हणून तिनं अस्थींचा कलश फडक्यात बांधून बाल्कनीत टांगून ठेवला. प्राणवायूचं यंत्र आणि खाट तिनं एका गरजू कुटुंबाला देऊन टाकली. पहिले काही दिवस ती रडली, मग रडू येईनासं झालं. ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. बाबांच्या खोलीत तिनं टेबल लावलं आणि तिथे बसून पेपर तपासू लागली.

वारा पडला तेव्हा ओजस निघाल्याला दोन महिने होत आले होते.

जागवण्याच्या कक्षात ओजस पांढऱ्या चादरीत होता. दाढीसुद्धा वाढली नव्हती. परिचारिकेनं गालावर थापट्या मारल्या, त्यानं डोळे किलकिले केले आणि सानिकाला पाहून हसला. "ताई. बाबा कसे आहेत?"

त्याच्या लेखी तो काल निघाला होता. तिनं त्याचा हात हातात घेतला आणि सांगितलं. तारीखही सांगितली. त्याला आधी तारीख कळली नाही, मग कळली, आणि मग तो तोंडावर चादर ओढून लहान मुलासारखा रडला. परिचारिका सवयीनं बाजूला झाली. शेजारच्या तीन-चार खाटांवरही असंच काही तरी चाललं होतं.

घरी त्याचं दुःख ताजं होतं आणि तिचं शिळं झालेलं. तो बाबांच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि खाट कुठे आहे म्हणाला. खाट दिल्याचं तिनं सांगितलं, तेव्हा त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं घाईनं घर रिकामं केलं. नंदाकाकू भेटायला आल्या. पण त्यांचंही रडून झालं होतं. त्या पाच मिनिटं बसल्या आणि नातवाच्या मुंजीबद्दल बोलू लागल्या. ओजस उठून आत गेला. रात्री तो जेवला नाही. सानिकाला त्याच्याजवळ बसायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी तपासलेले पेपर परत द्यायचे होते, आणि खरं म्हणजे पुन्हा एकदा त्या सगळ्यात उतरायची ताकद तिच्यात नव्हती.

रविवारी ते दोघं अंभोऱ्याला गेले. वैनगंगेचं पाणी संथ होतं. नाववाल्यानं त्यांना संगमाच्या मध्यावर नेलं. ओजसनं कलश पाण्यात रिकामा केला आणि बराच वेळ हात पाण्यातच ठेवला. काठावर परत आल्यावर ते एका दगडावर बसले. सानिकानं तिथे सांगितलं. आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही, असं तिला वाटलं.

"तुला उठवू का म्हणून मला विचारलं होतं त्यांनी. धोका होता. मी नाही म्हटलं." मग ती म्हणाली, "फक्त धोक्यामुळे नाही म्हटलं असंही नाही. मला रागही होता तुझा."

तो चिडेल, ओरडेल, यासाठी तिनं स्वतःला तयार केलं होतं. तो नदीकडे बघत राहिला.

"बरं केलंस," तो म्हणाला.

तिला वाटलं, तो तिला माफ करतोय. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो हळूच बाजूला केला.

"ताई, निश्चित वेळेचं तिकीट होतं त्या दिवशी. त्याच विमानात. पैशांत फरकही फार नव्हता. काउंटरवरच्या बाईनं दोनदा विचारलं मला." त्यानं बोटांनी पँटवरची वाळू झटकली. "खुली वेळ मी मागून घेतली."

सानिकानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"आईच्या वेळी तू होस्टेलवर होतीस. मी सतरा वर्षांचा होतो. बाबा पुण्याहून गाडी घेऊन येत होते, पोहोचले नव्हते. दवाखान्यात मी एकटा होतो. तिचा श्वास कसा जायचा, आणि गेला असं वाटलं की परत यायचा, ते सगळं मी बघितलं, पहाटेपर्यंत. तू आलीस तेव्हा तिला स्वच्छ करून, कुंकू लावून ठेवलं होतं. बाबांच्या वेळी मला ते परत नको होतं. वाटलं, निघालो तर आहे. वाटेत जो वेळ लागेल तो लागेल. उशीर झाला तर तो माझ्यामुळे नसेल."

"बाबा रोज विचारायचे," सानिका म्हणाली. "रोज. मी रोज खोटं सांगायची."

"काय सांगायचीस?"

तिनं ते सांगितलं नाही. ताश्कंद, डोंगर, वर्धा रोड, यातलं काहीच त्याला द्यावं असं तिला वाटलं नाही. ती उठली आणि गाडीकडे चालू लागली. परतीच्या वाटेवर ओजस पुन्हा रडला. रस्ता सरळ होता आणि ती समोर बघून गाडी चालवत होती. त्याची भीती खरी होती, हे तिला समजत होतं. तीसुद्धा आईच्या वेळी उशिरा पोहोचली होती आणि त्याबद्दल तिनं त्याला कधी विचारलंही नव्हतं. पण तिच्या आठ वर्षांच्या शेवटी, गाडीत बसून तिनं स्वतःचं मन सोलून पाहिलं होतं, शंभरांतल्या दोन-तिघांचा विचार करकरून जीव नकोसा केला होता. आणि तो तिकडे, काही न कळता, स्वतः मागून घेतलेल्या झोपेत पडून होता.

पुढचे चार दिवस ते नीट वागले. ती डबा करून ठेवायची, तो भांडी घासायचा. कॅल्गरीत कामावर त्याची जागा भरली गेली होती, पण तिथल्या माणसांनी दुसरं काही बघतो म्हटलं होतं. त्याला जावं लागणार होतं. तिनं त्याच्या बॅगेत लोणचं भरलं, बाबांचा एक स्वेटर भरला.

विमानतळावर काउंटरवरच्या तरुण बाईनं त्याचं नाव घातलं, वजन घेतलं, मागच्या झोपेला किती दिवस झाले ते विचारलं. मग तिनं तिकिटाचा प्रकार विचारला. ओजसनं सानिकाकडे पाहिलं नाही. खुली, तो हळू आवाजात म्हणाला. आता कुठे वेळेवर पोहोचायचंय.

"जबाबदार नातेवाईक?" त्या बाईनं विचारलं.

ओजसनं सवयीनं सानिकाकडे हात केला. त्या बाईनंही तिच्याकडे पाहिलं. सानिकाच्या डोळ्यांसमोर कुठली तरी परकी धावपट्टी आली, मऊ आवाजाचा फोन आला, पुन्हा एकदा गाडीत बसून करायचा विचार आला.

"कुणी नाही, असं लिहा," ती म्हणाली.

त्या बाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. नाव नसलं तर वाटेत काही झाल्यास कंपनी स्वतः निर्णय घेते, असं तिनं समजावून सांगितलं. सानिकानं कळतंय अशी मान हलवली. ओजस ताईकडे बघत राहिला. ती काही तरी बोलेल, निदान रागावेल, अशी त्यानं वाट पाहिली असावी. मग तो त्या बाईकडे वळला आणि म्हणाला, "लिहा तसंच."

जाताना तो वाकून तिच्या पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कारण ते चुकवता येणार नव्हतं. तो काचेच्या दारातून आत गेला. आत टोप घेऊन उभी असलेली परिचारिका दिसत होती.

सानिका गाडीत बसली आणि शाळेकडे वळली. दुपारी पालकांची सभा होती. ओजसनं उठल्यावर फोन केला असेल किंवा नसेल. तिनं त्याचा नंबर त्याच दिवशी ब्लॉक करून टाकला होता. तो पोहोचला हे तिला पुढे एका मावसभावाकडून कळलं. किती दिवस लागले, हे तिनं विचारलं नाही.